आडिवऱ्याच्या पुढे

आमचे पणजोबा राजापूर तालुक्यातून इंदूरला गेले, होळकरांच्या राज्यात कारकुनी मिळाली म्हणून. तेव्हापासून घर इंदूरचं झालं, पण कुलदेवता आडिवऱ्याची महाकालीच राहिली. घरात लग्न-मुंज झाली की एकदा यायचं, देवीची ओटी भरायची आणि आल्या वाटेने परत फिरायचं, एवढाच आमचा कोकणाशी संबंध. आजोबांना कधी विचारलं तर ते म्हणायचे, "काय आहे तिथे? नुसता कातळ. पोट भरेना म्हणून वडील निघाले." बाबांनी लहानपणापासून तेच ऐकलं आणि आम्हीही.

यंदा एप्रिलअखेर मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर आत्याने विषय काढला. ती बाबांची थोरली बहीण, पंचाहत्तरी ओलांडलेली. म्हणाली, "देवीला तर जाऊच. पण आडिवऱ्याच्या पुढे काय आहे ते मला या वेळी बघायचंय." मग आत्या, आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे निघालो. पहिल्या मुक्कामाची सोय आणि परतीची तिकिटं, एवढंच पक्कं होतं. मधलं सगळं वाटेत विचारत ठरवायचं होतं.

शनिवार: गावखडी आणि कशेळी

रत्नागिरी स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळीच घाम फुटला होता. इंदूरचं ऊन कोरडं असतं. इथे सावलीत उभं राहिलं तरी सदरा अंगाला चिकटतो. गाडी चालकासकट ठरवलेली होती. हे दादा लांज्याचे, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात त्यांच्या ओळखींनी आम्हाला जितकी मदत केली तितकी कुठल्याही नकाशाने केली नाही. मोठी माणसं बरोबर असतील तर स्वतः गाडी चालवण्याच्या भानगडीत पडू नका, स्थानिक चालक घ्या. सागरी रस्त्यावर वळणं फार आणि फाट्यांवर पाट्या कमी आहेत.

पावस, पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, की गावखडी. सुरूच्या बनाला लागून असलेल्या एका घरात उतरलो. जेवायला लाल भात, कुळथाची पिठी, फणसाची भाजी आणि सोलकढी. धाकट्याने पिठी पहिल्यांदाच खाल्ली आणि दोनदा मागून घेतली.

ऊन उतरल्यावर कशेळीला गेलो. कनकादित्याचं देऊळ म्हणजे सूर्याचं देऊळ, आणि महाराष्ट्रात सूर्याची देवळं फार थोडी आहेत. पुजारीकाकांनी कथा सांगितली. मूर्ती मूळची सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणची. परचक्राच्या भीतीने ती गलबतातून दक्षिणेकडे नेत होते, ते गलबत कशेळीपाशी अडलं आणि काही केल्या पुढे सरकेना. म्हणून मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली. पुढे कनका नावाच्या स्त्रीला दृष्टान्त झाला, तिने गावकऱ्यांना घेऊन ती आणली आणि देऊळ उभं राहिलं. त्या जागेला आजही देवघळी म्हणतात. देवळात शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे सन ११९१ चा ताम्रपट जपलेला आहे. बाबा सगळं लक्ष देऊन ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हणजे इथे देवसुद्धा बाहेरून येऊन वसलाय."

खरी गोष्ट पुढेच होती. दादांच्या ओळखीचा एक कॉलेजातला मुलगा आम्हाला गावामागच्या सड्यावर घेऊन गेला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. एप्रिलमध्ये त्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या आणि काळपट दगड याशिवाय काही नसतं. आत्या काठी टेकत चालत होती आणि मी मनात म्हणत होतो, आजोबांचा कातळ तो हाच.

मुलगा थांबला आणि म्हणाला, "तुम्ही हत्तीच्या पायापाशी उभे आहात."

आधी काही दिसेना. मग तिरप्या उन्हात खोबणीच्या कडेला सावली धरली आणि ओळ दिसू लागली. पाय, पोट, पाठ, सोंड. सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती जमिनीवर आडवा कोरलेला, आणि त्याच्या अंगात आणखी किती तरी प्राणी, पक्षी, मासे. लेक एकेक शोधत पळत होती आणि मोठ्याने नावं सांगत होती. ही कातळशिल्पं हजारो वर्षांपूर्वीची, शेती सुरू होण्याआधीच्या शिकारी माणसांची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काही ठिकाणी गेंडाही कोरलेला आहे, आणि गेंडा आज कोकणात कुणी पाहत नाही. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१२ पासून गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही शिल्पं नोंदवली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं आली, त्यात कशेळी आहे.

आत्या हत्तीच्या कडेला दगडावर टेकली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आप्पा याच सड्यावरून शाळेत जात असतील तर त्यांना हे माहीत नसेल?" आप्पा म्हणजे आमचे पणजोबा. तो मुलगा म्हणाला, "आजी, आमच्या आजोबांना माहीत होतं. पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणायचे."

शिल्पं बघायला सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. डोक्यावर ऊन असताना खोबणी दिसतच नाहीत, आणि सड्यावर सावलीला एकही झाड नसतं. पाणी भरपूर न्या. खोबणींवर पाय देऊ नका आणि फोटोसाठी खडूने रेषा ओढू नका. माहीतगार माणूस बरोबर हवाच, नाहीतर दोन पावलांवरून निघून जाल.

रविवार: आडिवरे, जोतं, राजापूर

आडिवऱ्याला सकाळीच पोचलो. महाकाली, महासरस्वती, महालक्ष्मी, तिघींच्या ओट्या भरल्या. दरवेळी आम्ही इथून मागे वळतो. या वेळी गाडी मूळ गावाकडे वळवली.

घर पडून गेलंय, फक्त जोतं शिल्लक आहे. जांभ्याचे चिरे अजून सांध्याला सांधा लागून बसलेले. चूल कुठे होती ते भाऊबंदांतल्या एका काकूंनी दाखवलं. त्यांना आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. "या, आधी पाय धुवा" म्हणाल्या आणि मग कोकमाचं सरबत, मग कापा फणसाचे गरे, मग जेवूनच जा. आमच्याकडच्या कोण कोण पिढ्या कधी देवीला येऊन गेल्या ते त्यांना ठाऊक होतं, कारण आम्ही देवळात आलो की गावात कळायचं. "देवळापर्यंत यायचात, घरापर्यंत कधी आला नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. आईने त्यांचा हात हातात घेतला. काकूंनी आंबट-गोड करवंदं मुलांच्या खिशात भरून दिली आणि पुढच्या वेळी राहायलाच या असं बजावलं.

राजापूरला संध्याकाळी धूतपापेश्वर पाहिला. मृडानी नदीच्या घळीत, झाडीत बुडालेलं लाकडी खांबांचं देऊळ. धबधबा एप्रिलमध्ये बारीक झालेला, पण गारवा मात्र होता. दिवसभराच्या उन्हानंतर तिथल्या फरशीवर आम्ही नुसते बसून राहिलो. राजापूर आज लहान गाव वाटतं, पण इंग्रजांची वखार इथे होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. गावात दुकानदाराने जवाहर चौकातल्या भिंतीवर हात ठेवून पावसाळ्यात पुराचं पाणी कुठपर्यंत येतं ते दाखवलं. हात त्याच्या डोक्याच्या वर होता.

सोमवार: बारसू, विजयदुर्ग

पहाटे निघून बारसूच्या सड्यावर गेलो. २०२३ च्या रिफायनरीविरोधी आंदोलनामुळे हे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं. आम्ही तो विषय काढला नाही, पण वाटाड्या म्हणून आलेल्या गावकऱ्याने स्वतःहून सांगितलं, "सडा मोकळा दिसतो म्हणून लोकांना वाटतं तो रिकामा आहे." पावसाळ्यात याच दगडावर इंचभर मातीत रानफुलांचे गालिचे होतात, गुरं चरतात, पाणी मुरतं आणि तेच खाली वाडीतल्या विहिरींना उतरतं. हे त्याने ज्या सहजतेने समजावलं तसं मला शाळेत कुणी समजावलं नव्हतं. बारसूचं मोठं शिल्प म्हणजे मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ. सकाळच्या उन्हात ते स्वच्छ दिसलं.

वाघोटणची खाडी ओलांडून दुपारी विजयदुर्ग. किल्ला बांधला तो शिलाहार भोजाने असं मानतात, म्हणजे कशेळीचा ताम्रपट देणारा तोच राजा. पुढे हे आंग्र्यांच्या आरमाराचं घर झालं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी समुद्रातून मारा केला आणि तुळाजी आंग्र्यांची जहाजं इथेच जळाली. पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते. बाबा हे वाचून आले होते, तरी तटावर उभं राहून खाडीचं तोंड बघताना त्यांना गलबलून आलं. आपलंच आरमार आपल्याच संमतीने जाळलं गेलं, याचं दुःख त्यांना खरोखर होतं आणि मलाही झालं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडलेला साहेबाचा कट्टाही इथे दाखवतात. त्याच ग्रहणाच्या निरीक्षणांतून हेलियमच्या शोधाची सुरुवात झाली.

किल्ल्यात माहिती सांगणारी गावातली माणसं मिळतात. त्यांना जरूर घ्या आणि तिहेरी तटबंदी बाहेरून आत अशा क्रमाने बघा. जवळच गिर्ये गावातलं रामेश्वराचं देऊळ चुकवू नका. कातळ फोडून केलेल्या वाटेने खाली उतरावं लागतं, आणि उतरताना दोन्ही बाजूंना दगडाची गार भिंत असते.

मंगळवार: कलमांच्या बागा, आणि आचऱ्याची रात्र

देवगडच्या वाटेवर दोन्हीकडे हापूसची कलमं. दादांनी ओळखीच्या बागेत गाडी घातली. आंबा काढणी जोरात चालू होती. लांब काठीला जाळी आणि पातं लावलेल्या झेल्याने देठासकट आंबा अलगद उतरवतात. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो.

बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणदाराच्या खोपीत, राखण करणारं जोडपं नेपाळचं होतं. कोकणातल्या बागांत हे लोक पावसाळा सरला की येतात आणि हंगाम संपला की घरी जातात. दिवसा माकडं हाकायची, रात्री चोर. मुलं त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागली आणि तासभर हलेनात. त्या बाईंनी आपल्या लेकीचा फोटो दाखवला. लेक गावी आजीजवळ असते. आत्या तिला म्हणाली, "आमचे आजोबाही असेच घर सोडून गेले होते." बाईंनी विचारलं, "फिर वापस आये?" आत्या म्हणाली, "हम आये हैं."

मालकांनी अढी दाखवली, पेंढ्यात थर लावून झाकलेले आंबे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्गासह कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी. त्यामुळे रस्त्यावर विकत घेताना बागेचं नाव विचारायला संकोचू नका. चांगला बागायतदार ते अभिमानाने सांगतो.

संध्याकाळी कुणकेश्वरच्या पुढे जिथे फोनवरून खोल्या सांगितल्या होत्या तिथे पोचलो, तर त्या दुसऱ्यांना देऊन झालेल्या. अंधार पडत होता, आत्या दमली होती. दादांनी दोन फोन केले आणि आम्ही आचऱ्याला एका घरी पोचलो. वयस्क मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "खंयसून इलात?" इंदूरहून म्हटल्यावर त्यांनी आत हाक मारून आणखी नारळ खवायला सांगितलं.

जेवायला पानं घेतली आणि वळीव आला. वारा, गडगडाट, आणि वीज गेली. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण झाडावर आंबा होता. कंदिलाच्या उजेडात बांगड्याचं तिखलं, त्यातला तिरफळाचा वास, आणि आत्या-आईसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. पाऊस अर्ध्या तासात ओसरला. मग सगळे खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसलो. ओल्या मातीचा वास, बेडकांचा आवाज, आणि मालकीण आजींनी गावपळणीची गोष्ट काढली.

आचऱ्यात दर काही वर्षांनी सगळा गाव घरदार सोडून जातो. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घ्यायचा आणि तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे. गावात दिवा लागत नाही. हिंदू-मुसलमान असा फरक नाही, सगळेच जातात. वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या बांधतात, एकत्र रांधतात, रात्री भजनं, गाणी, दशावतारी नाटकं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा. देवाने हो म्हटलं तरच परतायचं. आजी लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच गावपळणीला त्यांची सासूशी मैत्री झाली. घरात सासू फार कडक, आणि झोपडीत मात्र दोघी एका गोधडीत झोपून हसत होत्या.

मुलीने विचारलं, "आणि देवाने कौल दिला नाही तर?"

"मगे आणखी एक दीस रवाचा," आजी म्हणाल्या. "देव रागावल्यार गाव सोडूक होयो नि देवानं बोलवल्यार परत येवक होयो."

बाबा अंधारात बसून ऐकत होते. त्या रात्री त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं की आप्पांनी इंदुरात स्थिरावल्यावर गावचं घर दुरुस्त करायला पैसे पाठवले होते. दोनदा. आजोबांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, पण बाबांनी त्या मनिऑर्डरींच्या पावत्या ट्रंकेत पाहिल्या होत्या. पोट भरेना म्हणून निघालेला माणूस घर जपायला बघत होता.

कोकणात एप्रिल-मे मध्ये जाणार असाल तर वळिवाची तयारी ठेवा. टॉर्च, रोख पैसे आणि डासांसाठी काहीतरी. वीज गेली की मोबाइलची रेंजही जाते.

बुधवार: धामापूर, पिंगुळी

मालवण आम्ही बाहेरूनच ओलांडलं. सिंधुदुर्ग किल्ल्याला सुट्टीतली गर्दी होती, आणि त्याच्यासाठी वेगळा दिवस द्यायला हवा. धामापूरच्या तलावाशी मात्र थांबलो. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव आजही शेतीला पाणी देतो. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरणाऱ्या.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलंय. जमिनीवर बसून पाहायचं. हातकागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं एकामागून एक पुढे धरली जातात आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा गायली जाते. डोळे मोठे, चेहरे एका बाजूने, रंग दगड-मातीतून आणि पानांतून काढलेले. चामड्याच्या बाहुल्यांना मागून दिवा लावला आणि पडद्यावर रावण उभा राहिला तेव्हा धाकटा माझ्या मांडीत शिरला. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा पूर्वी या कलेला आश्रय होता. आज ती चालते ती घरच्यांच्या चिकाटीवर आणि येणाऱ्यांनी दिलेल्या पैशांवर. म्हणून फुकट फोटो काढून निघू नका. कार्यक्रम सांगून करवून घ्या, एखादं चित्र विकत घ्या.

गुरुवार: आरवली, शिरोडा

आरवलीचा वेतोबा माणसापेक्षा कितीतरी उंच. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याच्या चपला झिजतात आणि लोक नवसाला नव्या चपला वाहतात. केवढ्या तरी मोठ्या चामडी चपलांचे जोड रांगेने ठेवलेले, आणि केळ्यांचे घड. आत्याने नवस केला नाही, पण घड वाहिला.

शिरोड्याच्या मिठागरांजवळ उतरलो. मे १९३० मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या सत्याग्रहींनी इथे मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या. आजही वाफ्यांत खारं पाणी घेऊन आटवतात. काम करणाऱ्या एका काकांनी मुलांच्या ओंजळीत खडे मीठ दिलं. समुद्रावर बसून शेवटचे शिरवाळे खाल्ले, नारळाच्या गोड रसात बुडवलेले.

सावंतवाडी रोडहून रात्रीची गाडी होती. देवगडच्या दोन पेट्या बरोबर होत्या. आंबे रेल्वेने न्यायचे असतील तर बागायतदाराला आधीच सांगा की प्रवास किती तासांचा आहे. तो तेवढं कच्चं फळ निवडून देतो. पेटी उन्हात किंवा सीटखाली पंख्याविना कोंडून ठेवू नका आणि घरी पोचल्यावर लगेच उघडा. आमचा वरचा थर इंदूरला पोचेपर्यंत तयार झाला होता. खालचा आठवडाभर पुरला. राजापूरच्या काकूंना तसं फोन करून कळवलं तर त्या म्हणाल्या, "आता पावसाळ्यात या, सडा बघायला."